फ्लॉरेन्स नाइटिंगेल

रात्रीच्या वेळी हातात दिवा घेऊन जखमी शिपायांच्या खाटांमधून फिरणारी स्त्री, एवढीच फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंची ओळख आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांस असते. परंतु त्या दिव्याच्या उजेडात बाई काय पाहात असत, हे समजल्यावाचून त्यांच्या चरित्राचे मर्म कळावयाचे नाही, असे आम्हांस वाटते.

त्यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी एका सधन इंग्रज कुटुंबात झाला आणि त्या शहराचेच नाव त्यांस मिळाले. वडिलांनी मुलीस स्वतः उत्तम शिक्षण दिले. पण रोग्यांची शुश्रूषा करण्याचा मनोदय तिने बोलून दाखविताच घरात मोठा विरोध झाला. त्या काळी इंग्लंडात हा धंदा हलका समजला जाई आणि कुलीन कन्येने तो पत्करणे आईबापांस लांछनास्पद वाटे. बाईंनी पुष्कळ वर्षे धीर धरला व अखेर १८५१ साली जर्मनीतील कैसरवर्थ येथे सुमारे तीन महिने राहून हे काम शिकून घेतले.

१८५३ साली लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील आजारी स्त्रियांच्या एका संस्थेची व्यवस्था त्यांच्याकडे आली. प्रत्येक मजल्यावर गरम पाणी यावे, जेवण वर नेण्यास यांत्रिक पाळणा असावा आणि कोणत्या रोग्याने घंटा वाजविली हे परिचारिकेस तत्काळ कळावे, असा आग्रह त्यांनी धरला. पण खरा झगडा निराळाच होता. संस्थेच्या कमिटीस केवळ इंग्लंडच्या चर्चमधील स्त्रियाच घ्यावयाच्या होत्या. कॅथॉलिक आणि यहुदी स्त्रियांसही प्रवेश मिळावा व त्यांच्या धर्मगुरूंस त्यांच्या खाटेपाशी येऊ द्यावे. नाही तर आपण हे काम सोडू, असे बाईंनी निक्षून सांगितले. इतक्या वर्षांनी मिळालेले पहिलेच काम त्यांनी ह्या एका गोष्टीसाठी पणास लावले, आणि कमिटीस नमते घ्यावे लागले. बाई स्वतः निष्ठावंत ख्रिस्ती होत्या, हे येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पुढे क्रिमियाचे युद्ध जुंपले. नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ स्त्रियांसह बाई तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोहोचल्या. त्या स्त्रियांत कॅथॉलिक जोगिणी होत्या, अँग्लिकन सिस्टर्स होत्या व पगारी परिचारिकाही होत्या. आजाऱ्यास आपल्या पंथाकडे वळविण्याचा प्रयत्न कोणीही करू नये, अशी तेथे सक्त ताकीद होती. मेलेल्या शिपायांच्या घरी बाई स्वतः पत्रे लिहीत; जगलेल्यांचा पगार त्यांच्या बायकामुलांस पोहोचविण्याची सोय करीत; बरे होणाऱ्यांसाठी त्यांनी वाचनाची खोली उघडविली.

तथापि केवळ ममतेने प्राण वाचत नाहीत, हा कठोर धडाही त्यांस तेथेच मिळाला. पहिल्या हिवाळ्यात त्या इस्पितळात हजारो शिपाई मेले. मार्च १८५५ पासून सरकारी मंडळाने गटारे साफ करविली व हवा खेळती केली, तेव्हा फेब्रुवारीत शेकडा ४२ च्या वर असलेले मृत्यूचे प्रमाण जूनपर्यंत शेकडा दोनवर आले. मायदेशी परतल्यावर बाईंनी हे आकडे बारकाईने तपासले. अन्नाच्या व सामानाच्या तुटवड्यास आरंभी आपण जो दोष दिला होता तो पुरेसा नव्हता, घाणीने त्याहून अधिक बळी घेतले, हे त्यांनी मान्य केले आणि उरलेले आयुष्य स्वच्छतेच्या कार्यास वाहिले.

त्यानंतर त्या स्वतःच दीर्घकाळ अंथरुणास खिळल्या. १८५९ सालच्या त्यांच्या शुश्रूषेवरील पुस्तकात म्हणूनच रोग्याच्या मनाची जाण पदोपदी दिसते. दाराशी कुजबुज करू नये. रोग्यास मान वळवावी लागणार नाही अशा ठिकाणी बसावे. न खाल्लेले ताट त्याच्यासमोर ठेवू नये. नुकत्याच लागलेल्या झोपेतून त्यास उठवू नये. पोकळ धीर देऊ नये, असा त्यातील उपदेश आहे. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात त्यांच्या नावाची शिक्षणशाळा सुरू झाली.

हिंदुस्थानात त्या कधीच आल्या नाहीत. तरी येथील आरोग्याचा त्यांनी अनेक वर्षे अभ्यास केला. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. प्रथम त्यांचे लक्ष गोऱ्या सैन्याच्या बराकींकडे होते. पुढे ते खेड्यांकडे वळले. खेड्यांतील स्वच्छता केवळ हुकमाने व्हावयाची नाही, लोकांच्या रीतीभाती जाणून त्यांच्याच भाषेत त्यांस समजावले पाहिजे आणि घरातील स्त्रियांकडे स्त्रियांनीच गेले पाहिजे, असे त्यांचे मत झाले.

१३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, त्या निवर्तल्या. वेस्टमिन्स्टर ॲबीतील मान नातलगांनी नाकारला. त्यांच्या इच्छेप्रमाणे गावच्या चर्चच्या आवारात त्यांचे साधे दफन झाले; थडग्यावर नावाची आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूच्या तारखा एवढेच कोरले आहे.

बालमित्रहो, तुमच्या घरी कोणी आजारी पडले तर औषधाची वेळ पाळाच. पण त्यास काय रुचते, कशाची लाज वाटते, कोणती प्रार्थना ऐकून समाधान वाटते, हेही विचारा. आणि पालकांस आमची विनंती अशी की, आपली कन्या परिचारिका होऊ इच्छीत असेल, तर नाइटिंगेलबाईंच्या आईबापांनी तिच्या वाटेत घातलेली ती वर्षे आठवावी, आणि मग तिला उत्तर द्यावे.