पदवी हुकली, पण लेखणी थांबली नाही, ह. ना. आपटे कादंबरीकार कसे झाले?

वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावात आज कुणी पहिली कथा लिहिली, तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ही छापणार कोण? १८८५च्या सुमारास पुण्यातल्या एका तरुणापुढेही हाच प्रश्न होता. नाव हरी नारायण आपटे. पुढे १९१२ मध्ये अकोल्यात मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षपदी तेच होते. आसेगावचा परिसर त्या वेळी अकोला जिल्ह्यातच होता. वाशीम जिल्हा १९०५ मध्ये अकोल्यात विलीन झाला होता, तो पुन्हा वेगळा झाला १९९८ मध्ये.

सुरुवात कुठून झाली?

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातल्या पारोळ्याचा. आई लहानपणीच गेली. काका महादेव चिमणाजी आपटे हे मुंबईत वकील. त्यांच्या आधाराने हरिभाऊ वाढले आणि पुढे पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकले. तिथे त्यांना गोपाळ गणेश आगरकरांसारखे शिक्षक मिळाले. शेक्सपिअरच्या हॅम्लेट नाटकाचे आगरकरांनी मराठी रूपांतर केले, तेव्हा या शिष्याने विद्यार्थिदशेतच त्यावर विस्तृत टीकालेख लिहिला. म्हणजे लेखक होण्याआधी ते बारकाईने वाचणारे वाचक होते.

कॉलेजात मात्र गणित आडवे आले आणि पदवी हुकली. इंग्रजी कादंबऱ्यांचे वाचन सुरूच राहिले.

पहिली कादंबरी कशी छापली गेली?

आधी पुस्तक लिहायचे आणि मग प्रकाशक शोधायचा, हा मार्ग त्यांनी घेतला नाही. १८८५ मध्ये ‘मधली स्थिती’ ही कादंबरी ‘पुणेवैभव’ या पत्रात क्रमशः येऊ लागली. मूळ प्रेरणा इंग्रज लेखक रेनॉल्ड्सच्या कादंबरीची, पण माणसे आणि घरे पुण्याची.

यात नवे काय होते? मराठीत कादंबरी आधीही होती. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७चे, हळबेशास्त्रींची ‘मुक्तामाला’ १८६१ची. पण वाचकांना आवडत त्या बहुतेक गोष्टी अद्भुत प्रसंगांच्या आणि योगायोगांच्या होत्या. हरिभाऊंनी शेजारच्या वाड्यातली माणसे कागदावर आणली.

स्वतःचे साप्ताहिक का काढले?

दुसऱ्याच्या पत्रात जागा मिळेल तेवढीच. त्यामुळे १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले. घरात बसून सर्वांनी वाचावे, असे ते पत्र होते. आता संपादकही तेच आणि लेखकही तेच. फायदा असा की छापणार कोण, हा प्रश्न संपला. तोटा असा की दर आठवड्याला मजकूर द्यावाच लागे. कादंबरी पूर्ण होण्याआधीच तिची पहिली प्रकरणे वाचकांच्या हाती असत. मागे जाऊन दुरुस्ती करण्याची सोय नव्हती. या धबडग्याची किंमतही मोजावी लागली. काही कथानके पसरट झाली, काही कादंबऱ्या अर्धवट राहिल्या.

‘पण लक्षात कोण घेतो’ का गाजली?

याच साप्ताहिकात १८९० ते १८९३ या काळात ही कादंबरी आली. यमू नावाची मुलगी स्वतःची कहाणी सांगते. बालपण, लग्न, सासरचा जाच, मुंबईत पतीसोबतचे थोडे सुखाचे दिवस, मग वैधव्य आणि बळजबरीने केलेले केशवपन. तिचा प्रकाशनकाळ महत्त्वाचा आहे. १८९१ मध्ये संमतीवयाचा कायदा झाला आणि मुलींसाठीची वयोमर्यादा १० वरून १२ वर्षे झाली. त्यावरून महाराष्ट्रात मोठे वादळ उठले होते. आगरकर ‘सुधारक’ पत्रातून हेच प्रश्न युक्तिवादाने मांडत होते. हरिभाऊंनी ते यमूच्या तोंडून, घरातल्या भाषेत मांडले. ज्या घरांत सुधारणेवरचा लेख वाचला जात नसे, तिथे गोष्ट पोहोचू शकत होती.

पोटापाण्याचे काय?

निव्वळ लेखनावर त्यांचे घर अवलंबून नव्हते. काकांनी १८८८ मध्ये पुण्यात आनंदाश्रम ही संस्था स्थापन केली होती. जुने संस्कृत ग्रंथ जपणे आणि छापणे हे तिचे काम. पुढे तिची व्यवस्था हरिभाऊंकडे आली आणि त्यांना स्थैर्य मिळाले. पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. ही कामे करतानाच ‘उषःकाल’सारखी ऐतिहासिक कादंबरी आणि दुष्काळावरची ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही कथा त्यांनी लिहिली. छोट्या कथांना ते स्फुट गोष्टी म्हणत. मराठी लघुकथेची पायाभरणी करणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले जाते.

‘करमणूक’ सुमारे २७ वर्षे चालले. ३ मार्च १९१९ रोजी पुण्यात हरिभाऊंचे निधन झाले, तेव्हा त्यांना पंचावन्न पूर्ण व्हायला पाच दिवस बाकी होते. यमूची कहाणी आजही पुस्तकरूपात मिळते. वाचताना प्रकरणांची रचना पाहिली, तर साप्ताहिकाच्या हप्त्यांचे सांधे अजून जाणवतात.