विश्लेषण : विशीत गेलेल्या गणितज्ञाचे गणित तुमच्या फोनमध्ये कसे?

संकेतस्थळाचा पत्ता ‘एचटीटीपीएस’ने सुरू होत असेल, तर तुमचा पासवर्ड किंवा कार्ड क्रमांक वाटेत कुणाला वाचता येत नाही. या सुरक्षेमागच्या गणिताचा एक महत्त्वाचा भाग एवारिस्त गाल्वा या फ्रेंच तरुणाने १८३० मध्ये मांडला. तेव्हा त्यांचे वय होते १८. दोनच वर्षांनी द्वंद्वयुद्धात त्यांचा अंत झाला.

गाल्वा कोण होते?

पॅरिसजवळच्या बूर-ला-रेन येथे २५ ऑक्टोबर १८११ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील तेथील महापौर होते. शाळेत असतानाच गाल्वा यांना गणिताचे वेड लागले. मात्र एकोल पॉलिटेक्निक या नामांकित संस्थेच्या प्रवेश परीक्षेत ते दोनदा अपयशी ठरले. त्यातच जुलै १८२९ मध्ये वडिलांनी आत्महत्या केली.

फ्रेंच विज्ञान अकादमीकडे १८३० मध्ये पाठवलेला त्यांचा निबंध सचिव फूरिये यांच्याकडे गेला. मे महिन्यात फूरिये यांचे निधन झाले आणि हस्तलिखित गहाळ झाले. नव्याने लिहिलेला निबंध पुढच्या वर्षी प्वासाँ यांनी दुर्बोध ठरवून परत केला.

तुरुंग आणि द्वंद्वयुद्ध कशामुळे?

गाल्वा कट्टर प्रजासत्ताकवादी होते. राजकारणापायी त्यांना महाविद्यालयातून काढण्यात आले. १४ जुलै १८३१ रोजी बंदी घातलेल्या तोफखाना दलाचा गणवेश घालून निघाल्याने त्यांना अटक झाली आणि तुरुंगवास घडला. ३० मे १८३२ रोजी द्वंद्वयुद्धात त्यांच्या पोटात गोळी लागली. दुसऱ्या दिवशी रुग्णालयात त्यांनी प्राण सोडला. भांडणाच्या कारणाबाबत इतिहासकारांत आजही एकमत नाही. आदल्या रात्री सगळा सिद्धांत लिहून काढल्याची कथा अतिरंजित आहे. त्या रात्री त्यांनी जुन्या निबंधांत दुरुस्त्या केल्या आणि मित्र ऑग्युस्त शव्हालिए यांना आपल्या कामाचा सारांश पत्रातून कळवला. हे काम १८४६ मध्ये गणितज्ञ लिउव्हिल यांनी प्रसिद्ध केले.

फोनशी संबंध काय?

संगणकाच्या एका बाइटला २५६ मूल्ये असतात. नेहमीच्या गणिताने त्यांचा गुणाकार केला, तर उत्तर २५६ च्या बाहेर जाते. भागाकार केला, तर अपूर्णांक येतो. गाल्वा यांनी दाखवलेल्या ‘सांत क्षेत्रा’त ठरावीक संख्याच असतात आणि बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार (शून्याने भागणे सोडून) यांचे उत्तर त्यांच्यातच सापडते. घड्याळाचा काटा बारानंतर पुन्हा एकवर यावा, काहीसे तसेच.

अमेरिकेने २००१ मध्ये प्रमाणित केलेली ‘एईएस’ ही कूटलेखन पद्धत २५६ घटकांच्या अशाच क्षेत्रात मजकुराची उलथापालथ करते. ती वापरण्याच्या एका प्रचलित रीतीचे नावच ‘गाल्वा काउंटर मोड’ आहे. त्यात मजकूर झाकला जातो आणि त्यावर एक गणिती मोहोरही उठते. वाटेत कुणी एक अक्षर जरी बदलले, तरी मोहोर जुळत नाही आणि फोन तो मजकूर नाकारतो.

मग सगळेच सुरक्षित का?

नाही. स्टेशनवरच्या मोफत वायफायवर तुम्ही कोणते पान उघडले, काय टाइप केले, हे वायफाय चालवणाऱ्याला दिसत नाही. कोणत्या संकेतस्थळावर गेलात, हे मात्र बहुतेकदा कळते. संकेतस्थळाला तुम्ही स्वतःहून दिलेली माहिती तर त्याच्याकडे जातेच. आणि भामट्याच्या बनावट संकेतस्थळालाही ‘एचटीटीपीएस’ मिळू शकते. वाट सुरक्षित असली, तरी पलीकडे कोण बसले आहे, याची हमी हे गणित देत नाही. त्यामुळे बँकेची लिंक मेसेजमधून आली, तर ती न उघडता बँकेचा पत्ता स्वतः टाइप करणे चांगले.