आठवा हेन्री : मरण लवकर आलें असतें तर

ज्युबिली म्हणजे मागील वर्षांचा हिशेब पाहण्याचा प्रसंग. देवानें आम्हांस किती वर्षें दिलीं, आणि त्या वर्षांचें आम्हीं काय केलें, हे दोन प्रश्न अशा वेळीं मनांत येतात. त्या दोहोंचा विचार करावयास लावणारें एक चरित्र, इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचें, आम्ही आमच्या वाचकांपुढें थोडक्यांत ठेवीत आहों.

हेन्रीचा जन्म २८ जून १४९१ रोजीं ग्रीनिच येथें झाला. गादीचा वारस त्याचा वडील बंधु आर्थर हा होता. परंतु लग्नाला पुरते पांच महिनेहि झाले नाहींत तोंच, १५०२ सालीं, अवघ्या १५ व्या वर्षीं आर्थर वारला. १५०९ सालीं हेन्री गादीवर बसला आणि परमगुरु दुसरे ज्यूलियस यांनीं पूर्वींच दिलेल्या विशेष परवानगीनें त्यानें आर्थरची विधवा, स्पेनची राजकन्या कॅथरिन, हिच्याशीं विवाह केला. राजा विद्याव्यासंगी, संगीताचा जाणकार आणि मिस्सेला नेमानें हजर राहणारा होता. लूथरच्या मतांचें खंडन करून सात साक्रामेंतांचें समर्थन करणारा लॅटिन ग्रंथ त्यानें १५२१ सालीं प्रसिद्ध केला, तेव्हां परमगुरु दहावे लिओ यांनीं त्यास धर्मरक्षक ही पदवी अर्पण केली.

पुढें १० मार्च १५२४ रोजीं घोड्यावरील भाल्यांच्या खेळांत राजा शिरस्त्राणाची झडप खालीं न ओढतांच धांवला. त्याचा स्नेही, सफकचा ड्यूक, याचा भाला शिरस्त्राणावर आदळून फुटला. तुकडे आंत शिरले, पण राजा बचावला. दुसऱ्याच वर्षीं शिकारीच्या वेळीं काठीच्या आधारें चर ओलांडतांना काठी मोडली व तो डोक्यावर चिखलांत पडला; एका सेवकानें उडी टाकून त्यास वर काढलें नसतें तर तो तेथेंच गुदमरून मेला असता.

समजा, तो भाला बोटभर बाजूस लागला असता. मग गादीचा वारसा कॅथरिनची एकुलती कन्या मेरी हिच्याकडे गेला असता. ती तेव्हां ८ वर्षांची होती. राजा १५१३ सालीं फ्रान्सांत लढत असतां कॅथरिननें राज्यकारभार उत्तम चालविला होता. तेव्हां मुलीच्या नांवानें तिनेंच राज्य केलें असतें, असें मानण्यास जागा आहे. घटस्फोटाचा दावा निघालाच नसता, थॉमस मोर व बिशप जॉन फिशर यांचीं मस्तकें उडालीं नसतीं, आणि इतिहासानें हेन्रीस धर्मरक्षक म्हणूनच ओळखलें असतें.

तथापि सर्व कांहीं सुरळीत झालें असतें असें आम्ही म्हणत नाहीं. राज्याभिषेक झालेली राणी इंग्लंडनें तोंवर पाहिली नव्हती. राजाच्या बहिणीचा मुलगा, स्कॉटलंडचा पांचवा जेम्स, याचाहि हक्क पुढें आला असता आणि कदाचित् यादवी माजली असती. शिवाय लूथरचीं पुस्तकें त्या देशांत अगोदरच पोहोंचलीं होतीं.

परंतु राजा जगला. पुत्राच्या हव्यासानें व अ‍ॅन बुलीनच्या मोहानें त्यानें १५२७ पासून विवाह रद्द करविण्याचा हट्ट धरिला. रोमनें तो मान्य केला नाहीं. १५३३ सालीं त्यानें अ‍ॅनशीं लग्न केलें, १५३४ सालीं स्वतःस इंग्लंडच्या ख्रिस्तसभेचा मस्तक ठरविलें, आणि १५३५ च्या जून-जुलईंत फिशर व मोर यांस वधिलें. चार शतकांनंतर, १९३५ सालीं, ते दोघे संतपदास चढले.

२४ जानेवारी १५३६ रोजीं तो ग्रीनिच येथें घोड्यासह कोसळला. त्या दिवशीं तो मेला असता तर कायद्यानें वारस ठरलेली एलिझाबेथ अडीच वर्षांचीहि नव्हती, आणि मेरी अनौरस ठरविली गेली होती. मठ मात्र अद्याप उभे होते. पुढील चार वर्षांत ८०० च्या वर मठ बंद झाले आणि त्यांच्या आश्रयाचा गरिबांना अंतरलेला आधार परत आला नाहीं.

ज्या पुत्रासाठीं एवढें केलें तो एडवर्ड, जेन सीमोर हिच्या पोटीं १५३७ सालीं जन्मला, ९ व्या वर्षीं राजा झाला आणि ६ जुलई १५५३ रोजीं १५ वर्षांचा असतांनाच वारला. अखेर गादी मेरीलाच मिळाली. पण तोंवर ती ३७ वर्षांची, दुःखानें कठोर झालेली होती. तिच्या कारकीर्दींत सुमारें २८० माणसें मतासाठीं जाळलीं गेलीं, हें खेदानें नमूद करणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों. १५५८ सालीं तीहि निपुत्रिक मरण पावली.

हेन्रीचें देहावसान २८ जानेवारी १५४७ रोजीं झालें. ज्यानें मठ ओस पाडले त्यानेंच मृत्युपत्रांत आपल्या आत्म्यासाठीं विंडसर येथें निरंतर मिस्सा अर्पण व्हाव्यात अशी तजवीज केली होती. त्याच वर्षीं त्याच्या मुलाच्या नांवानें चालणाऱ्या सरकारनें मृतांच्या मिस्सांसाठीं ठेवलेल्या धर्मादाय देणग्या जप्त करण्याचा कायदा केला!

भाल्यापासून वांचलेल्या या राजास आणखी २३ वर्षें मिळालीं. आम्हीहि आजारांतून, संकटांतून वांचतों व देवाचे आभार मानून मोकळे होतों. मिळालेलें आयुष्य कशासाठीं मिळालें हें क्वचितच विचारतों. हेन्रीचा न्याय करणें आमचें काम नव्हे, तो देवाचा. आम्हीं शेवटपर्यंत श्रद्धेंत टिकण्याची कृपा मागावी, आणि त्या राजाच्या आत्म्यासाठींहि एक प्रार्थना करावी.