रविवार मागून घेणारा माणूस

मेसच्या भाजीबद्दल आपण रोज कुरकुर करतो. पण तक्रारवहीत नाव आणि रूम नंबर घालून लिहा म्हटलं, की सगळे गप्प! असं का होतं याचा विचार करताना मला नारायण मेघाजी लोखंडे आठवतात. माझ्या कॉन्व्हेंटच्या पुस्तकांत ते कुठेच नव्हते. परंदवडीला घरी बाबांकडून त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं. बाबा कंपनीत शिफ्ट करतात, त्यामुळे सुट्टीची किंमत त्यांना चांगलीच ठाऊक आहे.

लोखंड्यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्याचा. परिस्थिती बेताची. मॅट्रिकपर्यंत शिकले, रेल्वेत आणि पोस्टात नोकरी केली आणि मग मुंबईला मांडवीच्या कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. स्टोअरकीपर म्हणजे तशी सावलीतली नोकरी. गुमान राहिले असते तर आयुष्य सुखात गेलं असतं. पण गिरणीत काय चाललंय ते रोज डोळ्यांसमोर दिसत होतं. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत काम, आठवड्याची ठरलेली सुट्टी नाही, पगाराचा दिवस नक्की नाही. १८८१ साली फॅक्टरी ॲक्ट आला खरा, पण तो लहान मुलांपुरता. सात वर्षांच्या पोराला नऊ तास कामाला लावणं त्यातही चालत होतं! मोठ्या माणसांबद्दल त्यात कामाच्या तासांची मर्यादाच नव्हती.

एवढं सगळं असून कामगार बोलत का नव्हते? नोकरी जाण्याची भीती होतीच. पण मला वाटतं त्याहून खोल एक कारण होतं: आपण कोण सांगणारे, ही भावना. मागच्या सुट्टीत मी एका कारखान्यात ट्रेनिंगला होते. तिथे सजेशन बॉक्स होता, कायम रिकामा. साहेब म्हणायचे, आमचे लोक खूश आहेत. कॉन्ट्रॅक्टवरची मुलं मात्र डबा खाताना मनातलं सगळं बोलायची, आणि शेवटी म्हणायची, जाऊ दे, आपल्याला कोण विचारतंय. स्वतःला कमी लेखणारा माणूस कुरकुरतो; पण तक्रार करायला, आपल्याला याहून बरं मिळायला हवं, असं आधी वाटावं लागतं.

लोखंडे हे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले, म्हणून ही गोष्ट त्यांना नेमकी कळली असावी. १८८० साली त्यांनी 'दीनबंधु' पत्राचं संपादन हाती घेतलं आणि कामगारांची गाऱ्हाणी छापायला लागले. आपलं दुखणं छापलेलं पाहून माणसाला काय वाटत असेल बघा! १८८४ साली त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली. त्याच वर्षी सभा घेऊन फॅक्टरी कमिशनपुढे अर्ज ठेवला, त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या अगदी माफक: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार, कामावर जखमी झालेल्याला भरपाई. यात अवाजवी काय होतं, सांगा!

मला त्या मागण्यांपेक्षा सह्या जास्त मोठ्या वाटतात. चाळीत कुरकुरणारा माणूस त्या दिवशी कागदावर आला.

अर्जाने लगेच काही झालं नाही. आणखी सहा वर्षं गेली. मग २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणं केली. १८९० साली! आमच्या वर्गात सेमिनारला उभं राहायचं म्हटलं तर मुलींचीच काय, मुलांचीही तंतरते. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने आठवड्याची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी नेमलेल्या फॅक्टरी कमिशनच्या कामात लोखंड्यांनाही घेतलं गेलं, म्हणजे अर्ज देणारा माणूस आता टेबलाच्या पलीकडे बसला. १८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली आणि स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा पडली.

पुढे सरकारने त्यांना रावबहादूर केलं. पण ते बंगल्यात जाऊन बसले नाहीत. मुंबईत प्लेग आला तेव्हा रोग्यांची सेवा करता करता त्यांनाही प्लेग झाला आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते गेले. पन्नाशीही गाठली नव्हती. २००५ साली त्यांच्या नावाचं पोस्टाचं तिकीट निघालं. एके काळी ते ज्या खात्यात नोकरीला होते, त्याच खात्याचं.