तारेचा हिशेब मांडणारा मास्तर

भिवंडीच्या परिसरात वाढलेल्या माणसाला व्होल्टेज हा शब्द भौतिकशास्त्राच्या पुस्तकातून शिकावा लागत नाही. आमचे वडपे नाशिकच्या महामार्गावर, आता गोदामांनी वेढलेले. तरी भिवंडीच्या यंत्रमागांशी इथल्या अनेक घरांचा संबंध. पूर्वी संध्याकाळी दिवा तांबूस दिसू लागला की मोठी माणसे आधी मागाच्या मोटरची चिंता करीत. मोटर जळली की वाइंडिंगचा खर्च आणि माग बंद, असा दुहेरी फटका. या चिंतेमागचे गणित ज्याने प्रथम नीट मांडून प्रसिद्ध केले, त्या गेऑर्ग सिमॉन ओहमविषयी मला म्हणूनच विशेष आपुलकी वाटते.

ओहमचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतल्या एर्लांगेन गावी झाला. वडील कुलपे बनविणारे कारागीर. शाळेचे फारसे शिक्षण नसलेल्या या गृहस्थाने स्वतःच्या हिमतीवर गणित शिकून घेतले आणि ते मुलांनाही शिकविले. गेऑर्ग दहा वर्षांचा असताना आई वारली. धाकटा भाऊ मार्टिन पुढे नामवंत गणिती झाला. १८०५ साली गेऑर्ग विद्यापीठात दाखल झाला खरा, पण नृत्य, बिलियर्ड्स आणि बर्फावरचे स्केटिंग यांतच तो रमू लागला. वडील संतापले. त्यांनी पोराला विद्यापीठातून काढून स्वित्झर्लंडला धाडले आणि तिथे तो शाळेत गणित शिकवू लागला. १८११ साली परत येऊन त्याने डॉक्टरेट मिळविली; पण विद्यापीठातल्या तुटपुंज्या प्राप्तीत भागेना, म्हणून पुन्हा शाळामास्तरकी पत्करली.

१८१७ साली कोलोनच्या शाळेत नोकरी मिळाली. तिथली प्रयोगशाळा चांगली होती आणि वडिलांच्या हाताखाली धातूकाम शिकल्यामुळे उपकरणे तो स्वतःच तयार करू शके. निरनिराळ्या लांबीच्या तारांतून वीज सोडायची आणि तिचा जोर चुंबकसूचीच्या विचलनावरून मोजायचा, असा त्याचा प्रयोग. पण घोडे अडले ते आपल्याकडे अडते तिथेच! त्या काळच्या बॅटरीचा दाब स्थिर राहीना. मोजमाप चालू असतानाच ती मंदावे. १८२५ साली त्याने प्रसिद्ध केलेले पहिले सूत्र त्यामुळे चुकीचे ठरले.

मग पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून ओहमने बॅटरी सोडली आणि बिस्मथ व तांबे यांचे जोड वापरले. एक जोड उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळते आहे आणि बर्फ वितळते आहे तोवर तापमानातला फरक तोच, म्हणून विजेचा दाबही तोच. माझ्या मते ओहमची खरी थोरवी इथे आहे. सूत्र नंतर आले, आधी त्याने स्थिर दाब मिळविला.

आणि सूत्र तरी किती साधे! दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो. २३० व्होल्टवर चालणारी इस्त्री सुमारे ४.३५ अँपिअर घेत असेल, तर तिचा रोध जवळपास ५३ ओहम. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. इथे ती १००० वॅट. आता दाब १८० व्होल्टपर्यंत घसरला, तर प्रवाह ३.४ अँपिअर आणि शक्ती ६१२ वॅट. इस्त्री का तापत नाही, याचे उत्तर एवढ्यात मिळते.

मोटरचे मात्र उलटे. मागाचा भार कमी होत नाही, म्हणून दाब उतरला की ती जास्त प्रवाह ओढते. (तिच्या शक्तीच्या हिशेबात पॉवर फॅक्टरही धरावा लागतो, ते असो.) तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे १८४१ साली इंग्लंडच्या जेम्स ज्यूलने दाखविले. प्रवाह सव्वापट झाला की वाइंडिंगमधली उष्णता दीडपटीहून अधिक. वायरिंगची तारही आपला वाटा घेतेच. दोन ओहम रोधाच्या लांब, बारीक तारेतून दहा अँपिअर गेले, तर वीस व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात आणि दोनशे वॅट तार तापविण्यात जातात. तारेची लांबी दुप्पट तर रोध दुप्पट, छेदाचे क्षेत्रफळ दुप्पट तर रोध निम्मा. जाड तारेचे पैसे वाचविणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

ओहमने आपला ग्रंथ १८२७ साली बर्लिनमध्ये प्रसिद्ध केला. त्यासाठी निम्म्या पगारावर रजा काढली होती, आणि आता विद्यापीठात जागा मिळेल अशी आशा होती. पण विजेला गणितात बसविणे तिथल्या अनेकांना रुचले नाही. ग्रंथाचे स्वागत थंडे झाले, क्वचित कडवट टीकाही झाली. दुखावलेल्या ओहमने १८२८ साली कोलोनची नोकरी सोडली. चाळिशीच्या उंबरठ्यावर हातात कायमची नोकरी नाही, अशा स्थितीत त्याने बर्लिनमध्ये दिवस काढले. १८३३ साली न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत जागा मिळाली, तेव्हा कुठे थोडे स्थैर्य आले.

मान मिळाला तो परदेशातून. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोपली पदक दिले. म्युनिक विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापकपद, ज्यासाठी आयुष्यभर झुरला, ते १८५२ साली लाभले. तेव्हा वय होते ६३. जेमतेम दोन वर्षे ते उपभोगून ६ जुलै १८५४ रोजी तो वारला. १८८१ साली पॅरिसला भरलेल्या विद्युत परिषदेने रोधाच्या एककाला त्याचे नाव दिले. वायरमनच्या मीटरवर घोड्याच्या नालेसारखे जे ग्रीक अक्षर दिसते, ते या मास्तराच्या नावाचे.