कै. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर : तालमीसाठी वेचलेले आयुष्य

ओरछा गेटपासून ग्वाल्हेर अवघे १०० किलोमीटरच्या आसपास आहे. आज सकाळी निघालेला मनुष्य तेथील काम आटोपून संध्याकाळी सहज घरी परततो. परंतु ज्या काळात झाशीस रेल्वे यावयाची होती, त्या काळात दक्षिण महाराष्ट्रातील एक निर्धन तरुण केवळ गाणे शिकण्याच्या ध्यासाने याच ग्वाल्हेरच्या वाटेला लागला होता. महाराष्ट्रात ग्वाल्हेरची ख्यालगायकी रुजविण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, ते कै. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ते हेच. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने या थोर पुरुषाचे स्मरण करणे उचित ठरेल. मराठी मुलूख आणि हा उत्तरेकडील प्रदेश यांना जोडणारा त्यांच्यासारखा दुसरा दुवा संगीताच्या क्षेत्रात क्वचितच आढळेल.

बुवांचा जन्म १८४९ साली इचलकरंजी-मिरज परिसरात झाला. त्या भागात त्या वेळी कीर्तन होते, भजन होते, लावणी होती. परंतु ख्यालाचे पद्धतशीर शिक्षण देणारा गुरू मिळणे दुरापास्त होते. कोणाकडे चार चिजा मिळत, कोणाकडे थोडे धृपद मिळे. असे तुकड्यातुकड्यांनी मिळालेले ज्ञान पुष्कळांना पुरेसे वाटते. सभेत टाळ्या मिळाल्या की आपण गवई झालो, असा समज होण्यास वेळ लागत नाही. बुवांना मात्र त्यातील अपुरेपणा लहान वयातच उमगला, आणि हेच त्यांचे पहिले मोठेपण होय.

गुरूच्या शोधात ते माळव्यात धार येथे देवजीबुवांकडे पोहोचले. गुरूंची कृपा झाली, पण गुरुगृही त्यांचा निभाव लागणे कठीण झाले आणि ते शिक्षण मध्येच थांबले, असे शिष्यपरंपरेत सांगितले जाते. तेथून ते ग्वाल्हेरीस वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे आले. जोशीबुवा हे हस्सूखाँसाहेबांचे शिष्य. एका मुसलमान उस्तादाने एका मराठी ब्राह्मणास आपल्या घराण्याची विद्या मोकळ्या हाताने दिली, ही गोष्ट त्या काळाचा विचार करता लहान नव्हे. परंतु ग्वाल्हेरीसही बाळकृष्णबुवांचे नशीब प्रथम उघडले नाही. त्यांना विन्मुख होऊन परतावे लागले. पुढे काशीस जोशीबुवांची पुन्हा गाठ पडली आणि मग खरी तालीम सुरू झाली, असे परंपरा सांगते. उमेदीची कित्येक वर्षे अशी केवळ दारे ठोठावण्यात गेली.

येथे एक शंका घेतली जाते. हस्सूखाँ व हद्दूखाँ या बंधूंनी बडे महंमदखाँ यांचे गाणे लपून ऐकून आत्मसात केले, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. मग ऐकून गाणे येते, गुरू कशाला हवा? परंतु ही आख्यायिका सांगणारे एक गोष्ट विसरतात. ते दोघे बंधू नत्थन पीरबक्ष यांच्यासारख्या आजोबांच्या तालमीत वाढलेले होते. त्यांचा गळा तयार होता, कान तयार होता. म्हणूनच ऐकलेले त्यांच्या गळ्यात उतरले. कोरड्या जमिनीवर कितीही बी फेकले तरी पीक येत नाही.

तालीम म्हणजे चिजांची संख्या नव्हे. ग्वाल्हेरच्या पद्धतीत आधी आकार मोकळा करून घेतात, स्वर ठिकाणावर बसवितात, पलटे वेगवेगळ्या लयींत घोटून घेतात. मग बंदिश येते. कारण रागाने कोणत्या वाटेने चालावयाचे हे बंदिशच शिकविते. तिच्या आधाराने आलाप, बोलआलाप, बोलतान, तान ही अंगे क्रमाने उलगडत जातात. या सर्वांत गुरूचे मुख्य काम कोणते? शिष्याला स्वतःचा दोष स्वतःस ऐकू येत नाही. जबडा आवळला आहे, श्वास भलत्या जागी तुटला आहे, गंधार किंचित उतरला आहे, हे समोर बसलेल्या जाणत्या कानालाच कळते. तो दोष त्याच क्षणी दुरुस्त झाला नाही तर सवय बनतो, आणि सवय मोडण्यास शिकण्याच्या दुप्पट काळ लागतो.

विद्या संपादन करून बुवा मुंबईस आले. तेथे त्यांनी गायन समाज स्थापन केला आणि ‘संगीत दर्पण’ हे मासिक चालविले. परंतु दम्याच्या विकारामुळे मुंबई सोडून त्यांना मिरजेस यावे लागले, व पुढे इचलकरंजी संस्थानचा आश्रय मिळाला. ज्या वस्तूसाठी स्वतः वणवण केली, ती त्यांनी शिष्यांना घराजवळ उपलब्ध करून दिली. फटाक्यांच्या अपघाताने दृष्टी गमावत चाललेला कुरुंदवाडचा एक मुलगा त्यांच्याकडे मिरजेस आला. सुमारे ९ वर्षे त्याने तालीम घेतली व १८९६ साली तो बाहेर पडला. तेच विष्णु दिगंबर पलुसकर. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि सामान्य गृहस्थाच्या मुलामुलींसाठी गायनशिक्षणाचे दार उघडले. अनंत मनोहर जोशी, मिराशीबुवा, गुंडूबुवा इंगळे, नीलकंठबुवा हे बुवांचेच शिष्य. मल्लिकार्जुन मन्सूर यांची सुरुवातीची तालीम नीलकंठबुवांकडेच झाली.

गाणारा मुलगा हयातीतच गमावण्याचे दुःख बुवांच्या वाट्यास आले. १९२६ साली ते निवर्तले. रक्ताचा वारसा खुंटला, पण विद्येचा वारसा खुंटला नाही. कारण तो त्यांनी हातचे न राखता वाटून टाकला होता.

आपल्यापैकी अनेक जण नोकरीनिमित्त ठिकठिकाणी बदलून जाणारे आहेत. दर ३-४ वर्षांनी मुलांची शाळा बदलते तसा गाण्याचा मास्तरही बदलतो, आणि प्रत्येक नवा मास्तर पहिल्याचे शिकविणे मोडून स्वतःचे सुरू करतो. आता तर मोबाईलवर हवे ते गाणे क्षणात मिळते, म्हणून गुरूची गरज सरली असेही काहींना वाटते. मंडळाच्या गणेशोत्सवात दोन गाणी बसविण्यास एवढे पुरेल. गळा घडविण्यास पुरणार नाही. मुलाचा आवाज गोड आहे हे कळताच त्याला व्यासपीठावर उभे करण्याची घाई आपण करतो. त्याऐवजी चांगला गुरू पाहून ५ वर्षे त्याच्यापाशी टिकू द्यावे. बाळकृष्णबुवांनी ज्यासाठी अर्धा हिंदुस्थान पालथा घातला, ती गोष्ट ग्वाल्हेरच्या इतक्या जवळ राहणाऱ्या आपणांस दुर्लभ असू नये. प्रश्न अंतराचा नसून धीराचा आहे.