ज्या वॉटरफॉलपासून सावध केलं, त्याचेच जनक म्हणून विन्स्टन रॉइस ओळखले गेले

कॉम्प्युटर किंवा आयटी इंजिनिअरिंग करणाऱ्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून वॉटरफॉल मॉडेल विचारा. डोळे चोळत का होईना, तो कागदावर जिना उतरल्यासारखे चौकोन काढून दाखवेल. आधी रिक्वायरमेंट, मग डिझाइन, मग कोडिंग, मग टेस्टिंग. एक पायरी संपली की पुढची. हे मॉडेल आणलं कोणी, तर त्याचंही उत्तर पाठ असतं. विन्स्टन रॉइस, साल १९७०.

आता गंमत बघा. रॉइस यांनी तो जिना खरोखरच काढला होता. पण त्याच्या लगेच पुढे त्यांनी लिहिलं होतं की कल्पना म्हणून हे ठीक आहे, पण एवढ्यावरच विसंबून काम केलं तर प्रोजेक्ट आपटणार. जगाने चित्र उचललं आणि पुढची पानं वाचलीच नाहीत.

विन्स्टन वॉकर रॉइस यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२९ चा, अमेरिकेतला. गडी मूळचा सॉफ्टवेअरवाला नव्हताच. कॅलिफोर्नियातल्या प्रसिद्ध कॅलटेकमधून त्यांनी आधी फिजिक्स केलं, मग एरोनॉटिक्समध्ये पीएचडी. काही काळ तिथेच प्राध्यापकी केली आणि १९६१ मध्ये टीआरडब्ल्यू या कंपनीत आले.

टीआरडब्ल्यू म्हणजे त्या काळातली अमेरिकेच्या अंतराळ आणि संरक्षण क्षेत्रातली तगडी कंपनी. तिथे रॉइस यांच्या वाट्याला आलं ते अंतराळयानांसाठी लागणारं सॉफ्टवेअर. मोहिमेचं प्लॅनिंग करणारं, यानाला आज्ञा देणारं आणि उड्डाण झाल्यावर मिळालेल्या डेटाचं विश्लेषण करणारं. काही प्रोजेक्ट वेळेत झाले, काही फसले. नऊ वर्षांचा हा अनुभव त्यांनी एका पेपरमध्ये मांडला आणि ऑगस्ट १९७० मध्ये लॉस एंजेलिसच्या वेस्कॉन परिषदेत सादर केला. विषय होता, मोठी सॉफ्टवेअर सिस्टिम बनवताना कारभार कसा हाकायचा.

हा पेपर डझनभर पानांचाही नाही. त्यातली दुसरी आकृती म्हणजे तो सात चौकोनांचा जिना. वॉटरफॉल हा शब्द मात्र अख्ख्या पेपरमध्ये कुठेच नाही.

रॉइस यांना या जिन्यात नेमकं काय खटकत होतं?

ते समजायला त्यांचं शिक्षण लक्षात ठेवावं लागतं. एरोनॉटिक्समध्ये विमान थेट बांधून कोणी उडवत नाही. आधी समीकरणं मांडतात, लहान मॉडेल बनवून विंड टनेलमध्ये ठेवतात आणि हवा कशी वागते ते बघतात. यानाचा मार्गही आधी गणितात काढता येतो, कारण तिथे भौतिकशास्त्राचे नियम मदतीला असतात.

सॉफ्टवेअरला असली सोय नाही. प्रोग्रॅम चालताना किती वेळ खाईल, मेमरीत मावेल का, डेटा आत-बाहेर करताना कुठे अडकेल, हे सांगणारं एकही समीकरण कॅलटेकच्या पीएचडीवाल्याकडेही नव्हतं. हे कळतं ते प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालवल्यावर. आणि जिन्यावर तो क्षण येतो टेस्टिंगला, म्हणजे जवळपास शेवटच्या पायरीवर. तिथे घोळ निघाला तर नुसता कोड बदलून भागत नाही. डिझाइन मोडावं लागतं, कधी ग्राहकाच्या मूळ मागण्यांनाच हात घालावा लागतो. म्हणजे परत वरच्या पायरीवर. रॉइस यांच्या हिशेबाने अशा वेळी खर्च किंवा मुदत १०० टक्क्यांनी वाढू शकते.

यावर त्यांनी पाच उपाय सुचवले. त्यातला तिसरा खास त्यांचा. सॉफ्टवेअर पहिल्यांदाच बनत असेल तर ते दोनदा बनवा. आधी सगळ्या पायऱ्या छोट्या प्रमाणात करून एक प्रायोगिक आवृत्ती उभी करायची. काम ३० महिन्यांचं असेल तर पहिले १० महिने तिच्यासाठी. ग्राहकाच्या हातात जाईल ती दुसरी आवृत्ती. पहिलीला रॉइस यांनी शब्द वापरला होता सिम्युलेशन. त्यांचं म्हणणं असं की माणसाचा अंदाज नको तिथे फाजील आशावादी असतो. सिम्युलेशन हाताशी असेल तर निदान महत्त्वाच्या गृहीतकांची चाचणी घेता येते. थोडक्यात, विमानवाल्यांची विंड टनेलची सवय त्यांनी सॉफ्टवेअरला लावायला सांगितली.

म्हणून त्यांना आजच्या अजाइलचे पूर्वज म्हणायचं का? तेही जरा जास्तच होईल. ते दोनदा बनवा म्हणाले, दर पंधरा दिवसांनी नवीन आवृत्ती द्या असं नाही. आणि कागदपत्रांच्या बाबतीत तर माणूस भलताच कडक होता. ५० लाख डॉलरचं हार्डवेअर घ्यायला ३० पानांचा तपशील पुरेल, पण तेवढ्याच किमतीच्या सॉफ्टवेअरला १५०० पानं लागतील, हा त्यांचाच अंदाज. आजच्या एखाद्या स्टार्टअपमध्ये हे कोणी मागितलं तर टीम दुसऱ्या दिवशी राजीनामे देईल. ग्राहकाला मात्र शेवटपर्यंत सोबत घ्या, त्याला मध्येमध्ये बोलवून वचनबद्ध करा, हा त्यांचा पाचवा उपाय आजच्या टीमलाही पटेल.

पुढे काय झालं? १९७६ मध्ये टीआरडब्ल्यूच्याच बेल आणि थेयर या दोघांनी एका पेपरमध्ये या पद्धतीला वॉटरफॉल म्हटलं आणि रॉइस यांचा संदर्भ दिला. नाव चिकटलं ते कायमचं.

खरा घोळ झाला १९८५ मध्ये. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सॉफ्टवेअर कंत्राटांसाठी २१६७ नावाचं स्टँडर्ड आणलं. ते जिन्याच्या वळणाचंच होतं, आणि त्या काळी संरक्षण खात्याएवढा मोठा गिऱ्हाईक दुसरा कुठे असणार? कंत्राट हवं तर जिना उतरा. पुढे हे स्टँडर्ड लिहिण्यात मुख्य वाटा असलेल्या व्यक्तीने त्याबद्दल खेदही व्यक्त केला. पण तोवर वॉटरफॉल पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला होता.

वेगळी वाट शोधणारेही टीआरडब्ल्यूतूनच निघाले. तिथल्याच बॅरी बोहेम यांनी १९८० च्या दशकात स्पायरल मॉडेल मांडलं. प्रत्येक फेरीला धोका कुठे आहे ते आधी बघायचं, प्रोटोटाइप बनवायचा, मग पुढे जायचं. रॉइस यांनी एकदाच सांगितलेली चाचणी इथे प्रत्येक फेरीत आली.

रॉइस नंतर लॉकहीडमध्ये गेले आणि टेक्ससमधल्या ऑस्टिनच्या सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी सेंटरचे संचालक झाले. १९९४ मध्ये ते निवृत्त झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये संरक्षण खात्याने २१६७ ची सुधारित आवृत्तीही मोडीत काढून नवं, जास्त मोकळं स्टँडर्ड आणलं. सहा महिन्यांनी, ७ जून १९९५ रोजी रॉइस गेले.

त्यांचा मुलगा वॉकर रॉइसही याच क्षेत्रातला. टप्प्याटप्प्याने, पुन्हा पुन्हा सुधारत सॉफ्टवेअर बनवण्याच्या रॅशनल कंपनीच्या पद्धतीला आकार देणाऱ्यांत त्यांचं नाव येतं. १९९८ च्या आपल्या पुस्तकात जुन्या आणि नव्या पद्धतींची तुलना करताना त्यांनी वडिलांच्या पेपरपासूनच सुरुवात केली. वडील कायम टप्प्याटप्प्याने बनवण्याच्याच बाजूचे होते, असं त्यांनी पुढे सांगितलं.

त्या मूळ पेपरच्या शेवटी दहावी आकृती आहे. पाचही उपाय एकत्र दाखवणारी, बाणांनी आणि चौकोनांनी गच्च भरलेली. परीक्षेत मात्र अजून दुसऱ्या आकृतीचाच जिना काढायला येतो.